गालावरचं अस्तर

वैशाख लागला की माझ्या कोपरांना अजून खाज सुटते. डॉक्टरांना दाखवून झालं, मलमं चोळून झाली. डॉक्टर म्हणतात, काही नाही हो बाई, उष्णता आहे. उष्णता कसली, कपाळ. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात अंगात शिरलेली काचेची धूळ आहे ती, असं मी सांगते आणि ते हसतात. हसू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

यंदा खाजेच्या जोडीला राळेचा वासही आला. माझी भाची बेळगावजवळ मच्छे गावच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि पिरनवाडीत माझ्याकडेच राहते. तिनं कुठूनसा परदेशातून एक वीतभर उंचीचा घोडेस्वार मागवला, तोही तुकड्यांत. राळेचे ओतीव तुकडे, घोड्याचं धड वेगळं, शेपूट वेगळी, स्वाराचं डोकं वेगळं. रविवारी सकाळी गॅलरीत पेपर पसरून बसली. जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक तुकडा साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवला, साच्याची रेघ बारीक वॉटर पेपरनं घासून काढली, बुडबुड्यांची भोकं काडीनं बुजवली. मी चहाचा कप घेऊन बघत उभी. ती मान वर न करता म्हणाली, मावशी, सगळी तयारीच असते बघ, रंग काय, शेवटी अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, व्हय बाई, आणि स्वयंपाकघरात निघून आले. संताप आला होता, पण तिच्यावर नव्हे. जे कळायला मला अख्खा एक वैशाख जाळावा लागला, ते तिला खोक्यातून निघालेल्या घडीच्या कागदावर फुकट मिळालं होतं.

आमची वस्ती निपाणीच्या कडेला. घरटी दोन माणसं तंबाखूच्या वखारीत. आई तंबाखू चाळायला जायची, आप्पा पोती उचलायचे. धम्म घेऊन वस्तीला बरीच वर्षं झाली होती, पण विहार म्हणजे पत्र्याची एक खोली आणि आत कॅलेंडरातून कापून काचेत बसवलेला बुद्ध. ऐंशीच्या पुढच्या-मागच्या त्या वर्षी वस्तीनं ठरवलं, मूर्ती आणायची. दगडाची झेपणार नव्हती, प्लास्टरची टिकणार नव्हती. मच्छ्याकडं एका शेडमध्ये पाण्याच्या टाक्या आणि पत्रे ओतणारा एक कारागीर होता. काचेच्या धाग्यांची जाळी आणि राळ यांची मूर्ती ओतून देतो म्हणाला, बसलेल्या माणसाएवढी. पण त्याचा रंगवणारा काम सोडून गेला होता. तुकडे न्या, जोडा आणि रंगवून घ्या, म्हणाला. रंगवणार कोण, असं बैठकीत कुणी तरी विचारलं तेव्हा आप्पा उठले आणि म्हणाले, माझी शालन हाय की.

शालन म्हणजे मी. कोल्हापुरातून चित्रकलेची पदविका घेऊन नुकती आले होते. वस्तीनं पैसे गोळा करून शिकायला बाहेर ठेवलेली पहिली मुलगी. परत आल्यावर दोन महिने नोकरी नाही म्हणून घरात बसलेली. एवढं शिकून काय उपेग झाला, असं कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण नळावर बोलत होते. आणि आप्पांनी भर बैठकीत शब्द टाकला. बुद्धपौर्णिमा तीन आठवड्यांवर. मूर्ती चांगली झाली तर आणखी दोन-तीन पोरी कोल्हापूरला जातील, आणि बिघडली तर वस्ती डागाळलेल्या तोंडाच्या बुद्धापुढं उभी राहील आणि आप्पांना मान खाली घालावी लागेल. इतकं सरळ होतं ते.

सहा तुकडे टेम्पोतून आले, गोणपाटात गुंडाळून. सातवा, म्हणजे डोकं, आप्पांनी टेम्पोत टाकायला नकार दिला. ते बेळगावहून बसनं मांडीवर घेऊन आले, धोतराच्या पानात बांधून. कंडक्टरनं कानडीत विचारलं हे काय आहे, तर त्यांनी एक कोपरा उघडून दाखवला म्हणे. पुढं तिकिटाचं कुणी काढलं नाही.

मी तो चेहरा पहिल्यांदा बघितला आणि हिरमुसले. गढूळ मधासारखा रंग. एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत साच्याची जाड शिवण. ओठांवर, केसांच्या गाठींत टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. तरी मी शहाणी. घासायचा कागद आणला, तुकडे जोडले, शिवण घासली, भोकांत लांबी भरली आणि मोठ्या ऐटीत रंगाखालच्या अस्तराचा पहिला हात मारून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी नख लावून बघितलं तर दुधावरची साय निघावी तसं अस्तर निघून आलं. सबंध. गालाचं, कपाळाचं, गुडघ्याचं.

तसेच आप्पा आणि मी मच्छ्याला. कारागीर आधी हसला. मग म्हणाला, धुतलं न्हाय व्हय? साच्यातनं सुटाय पायजे म्हणून आतनं मेण लावतोय की आमी. मेणावर कसा बसंल रंग? तीन वर्षांत जलरंग, तैलरंग, प्लास्टर सगळं शिकवलं होतं मला, हे एवढंच कुणी शिकवलं नव्हतं.

मग सगळं खरवडायचं आणि धुवायचं. धुवायचं म्हणजे पाणी आलं, आणि वैशाखात आमच्या वस्तीत पाणी म्हणजे दिवसाआड नळ आणि त्यावर भांडणं. आईनं घरोघर जाऊन सांगितलं. प्रत्येक घरानं प्यायच्या पाण्यातली एक कळशी दिली. आणून ओतताना कुणी कुरकुरलं नाही, हे मला आज आठवतं. तेव्हा आठवत नव्हतं, तेव्हा मी फक्त घाईत होते. रिठे आणि सोडा घालून बायकांनीच मूर्ती घासली, न्हाऊ घातल्यासारखी. कानामागं, बोटांच्या बेचक्यांत, पाठीवर.

ती वाळली आणि माझा खरा छळ सुरू झाला. वरून पत्रा तापलेला, आत हवा नाही. कागदानं घासलं की काचेची बारीक धूळ उडायची आणि घामावर बसायची. मान, कोपर, बोटांची पेरं, सगळीकडं खाज. आंघोळ केली की जास्त. दार लावावं तर जीव गुदमरायचा, उघडावं तर समोरच्या वखारीतून तंबाखूची धूळ आत. ओल्या अस्तरावर तपकिरी ठिपके. मी एक हात मारायचा, शिंकायचं, ठिपके वाळायची वाट बघायची, पुन्हा घासायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आज माझ्या गॅलरीत भाचीला पंख्याखाली तुकडे वाळवताना बघितलं की वाटतं, हिला एक दिवस त्या पत्र्याखाली बसवावं.

आणि माणसं. वखार सुटली की बाया सरळ विहारात. पोरं काखेला. डोळं कधी उघडणार गं ह्येचं, नाक जरा बसकं न्हाय का वाटत, कान एवढं लांब कशापायी. विचारायचं आणि बोलता बोलता हात लावायचा. गुडघ्याला, अंगठ्याला, ओठांना. त्या हातांवर दिवसभराच्या तंबाखूचा काळपट चिकटा असायचा, साबणानंसुद्धा न निघणारा. जिथं बोट लागेल तिथं अस्तर सरकायचं, मधोमध उघडं पडायचं. मी थिनरनं पुसायची, पुन्हा घासायची. हात नका लावू म्हणून सांगितलं की त्या हसायच्या. बरं बाई, म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता पुन्हा टेकवायच्या. माझा जीव मेटाकुटीला आला होता. लहानपणापासून ज्यांच्या कडेवर वाढले त्या बायकांचा मला राग यायला लागला होता. त्यांच्या हातांचासुद्धा.

उजव्या गालाचं तर विचारूच नका. बाकी सगळं अस्तर धरू लागलं, उजवा गाल धरेना. रोज सकाळी येऊन बघावं तर गालावर अस्तर फाटलेलं, आणि तेही पद्धतशीर. चार बोटं आणि तळवा. रोज त्याच जागी. मी घासायची, धुवायची, पुसायची, अस्तर लावून घरी जायची. सकाळी पुन्हा पंजा. पाच दिवस हे चाललं. पौर्णिमा नऊ दिवसांवर आली. सहाव्या सकाळी तो पंजा बघून मी खाली बसले आणि रडले. दुःखानं नव्हे, चक्क संतापानं.

मग फळीचा एक तुकडा घेतला. पांढरा हात दिला, वर लाल रंगात अक्षरं काढली. अक्षरं माझी चांगलीच होती, त्यात बक्षीस मिळालेलं. अक्षरांना खालून करडी सावलीसुद्धा दिली मी. कुणीही हात लावू नये. आणि ती पाटी विहाराच्या दाराबाहेर खिळ्याला अडकवली.

जादू झाली. त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्या सकाळी गाल कोरा, गुळगुळीत. तिसऱ्या दिवशीही तसाच. मी अस्तराचा दुसरा हात दिला, मग पहिला रंग. कसं बसलं होतं म्हणून सांगू. बोट फिरवलं तर सरकून जावं. आजूबाजूला चिडीचूप. मला शांतता हवी होती, मिळाली. मी खूश होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते. गुणगुणत होते मी त्या तीन दिवसांत.

चौथ्या दिवशी दुपारी आप्पा भाकरी घेऊन आले. रोज आत येऊन भिंतीला टेकून बसायचे आणि मी जेवेपर्यंत मूर्तीकडं बघायचे. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरूनच फडकं पुढं केलं. मी म्हटलं, आत या की. ते म्हणाले, पाटी हाय. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. ते हसले नाहीत. आप्पा प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेले, हळू वाचायचे. त्यांनी पाटीवर नजर ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाले,

"शाले, मला वाचाय येत न्हवतं तवापास्नं मी ही पाटी वळखतोय. आपल्या माणसाच्या अक्षरात आज पयल्यांदा बघितली."

गावातल्या देवळात पायरीच्या खालून हात जोडत म्हातारी झालेली माणसं ही. विहिरीवर, हॉटेलात, शाळेच्या घागरीपाशी हेच ऐकत आलेली, कुणी बोललेलं, कुणी नुसतं डोळ्यांनी सांगितलेलं. आणि त्यांच्याच कळशीभर पाण्यानं धुतलेल्या मूर्तीच्या दारात, त्यांच्याच पैशानं शिकलेल्या मी, सावली देऊन देऊन तेच लिहिलं होतं. मला हे सुचलंही नव्हतं. माझ्या डोक्यात रंग होता. मेण, चिकटा, धूळ आणि रंग.

मी पाटी काढायला उठले. आप्पांनी अडवलं नाही. फक्त जाता जाता म्हणाले, गालावर तुझी आई हात टेकत हुती. भोंग्याच्या आधी, वखारीत जाताना. आता न्हाय येत.

पाटी मी चुलीत घातली. संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं, या, बघायला या, हात लावला तरी चालंल. काय तोंडानं सांगितलं ते माझं मला ठाऊक. ठकूआक्का आमच्या शेजारची, वखारीतली सगळ्यात थोरली. ती म्हणाली, अगं बाई, चुकतंय माणूस, आणि दुसऱ्या दिवशी हात धुऊन सगळ्यांच्या आधी आली. अंगठ्याला हात लावून माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. बाकीच्या आल्या. चार दिवसांत पुन्हा तोच गोंधळ, तेच डाग, तीच माझी चिडचिड. मला इतकं बरं वाटलं त्या चिडण्यानं.

आई तेवढी आली नाही.

एकदा भाकऱ्या थापताना तिला विचारलं, गालावरच का गं. तिला वाटलं मी रागावणार. मग म्हणाली, काय न्हाय गं, रातभर गार झालेला असतोय न्हवं त्यो. तंबाखूनं तळव्याची आग हुती बघ. वखारीत शिरायच्या आधी जरा टेकला की थांबायची. एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. मला वाटलं होतं काही तरी मोठं सांगेल, भक्तीचं, आमच्या इतिहासाचं. तिचे हात जळत होते, आणि वस्तीत तेवढी एक जागा गार होती. ती मी बंद केली होती.

पौर्णिमेला मूर्ती बसली. सोनेरी-पिवळी, अंगावरचं चीवर गडद, डोळे अर्धे मिटलेले. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढच्या वर्षी दोन मुली कोल्हापूरला गेल्या, आणि मूर्ती बघायला आलेल्या एका हेडमास्तरांमुळं मला बेळगावात चित्रकलेच्या बाईंची नोकरी लागली. सगळं जसं व्हायला हवं होतं तसं झालं. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर मी आईला पुढं घेतलं. म्हटलं, लाव हात. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं. लई झ्याक झालंय तुझं काम. माझ्या हाताचा डाग पडंल."

रागानं म्हणाली असती तर मी पाय धरले असते. रुसली असती तर समजूत काढली असती. ती अभिमानानं म्हणाली. आता ह्यावर माणसानं काय करावं?

मी काय काय नाही केलं. दरवर्षी पौर्णिमेला तिला घेऊन निपाणीला जायची. पुढं तिनं वखार सोडली, माझ्याकडं पिरनवाडीत आली. तळवे उजळले, बोटं मऊ झाली, नखांच्या कडांचा काळा रंगसुद्धा गेला. म्हटलं, आता कसला डाग, आता लाव. ती चार हात लांब उभी राहून हात जोडायची आणि शेजारच्या बाईला सांगायची, माझ्या लेकीनं केलंय. एका वर्षी मला राहवलं नाही. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं, सगळ्यांच्या देखत. तिनं मूठ आवळून घेतली. तान्हं पोर आवळतं तशी घट्ट. मी सोडून दिलं. बसमध्ये खानापूरकडच्या कुणा पावण्याच्या लग्नाचं ती काही तरी बोलत राहिली आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिला वाटलं, मी रागावले. रागावलेच होते. पण ते तिला कसं सांगायचं, की तुझ्यावर नाही.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मागच्या वैशाखात विहाराच्या कमिटीचा निरोप आला, बाई, मूर्तीला रंग द्यायचा आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात देववत नाही. गेले. विहार आता स्लॅबचा, फरशी, पंखे, कुलूप. नळाला पाणी. मूर्तीच्या गुडघ्यांवरचा, अंगठ्यांवरचा रंग लोकांच्या हातांनी पार झिजला होता, मधाचा रंग दिसत होता खाली. ओठसुद्धा. चांगलं वाटलं. पिशवीतून कागद काढला आणि तोंडापासून सुरुवात करावी म्हणून स्टुलावर चढले. उजवा गाल माझ्या हातचा होता तसाच होता. अस्तर घट्ट, रंग सलग, एक ओरखडा नाही. आयुष्यभर मुलांना सांगत आले, खालची तयारी नीट असेल तर वरचं निघत नाही. कारागिरी म्हणून बघायला गेलं तर माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते.

कागद तसाच हातात. सकाळची वेळ होती, वखारीचा भोंगा व्हायचा होता. खाली कमिटीची पोरं बादली घेऊन उभी, बाई काय करताहेत म्हणून बघत होती. मी कागद कमरेला खोचला आणि तळवा गालावर टेकला.

खरंच गार लागतं. त्या तीन आठवड्यांत मी तो गाल शंभर वेळा घासला, पुसला, धुतला असेल. हात तेवढा कधी ठेवून बघितला नव्हता.